गव्हातल्या सात खोल्या

आमचे सर हिरव्याला लाल म्हणायचे.

त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. उपग्रहानं वरून घेतलेल्या चित्रांत पिकं, झाडं, गवत असं जे जे हिरवं ते लाल छापून येतं. पानांवरून परतणारा जो उजेड आपल्याला दिसत नाही तो त्या यंत्राला दिसतो, आणि कागदावर तो लाल रंगानं दाखवतात. सरांनी ही चित्रं इतकी वर्षं, इतक्या जवळून पाहिली होती की त्यांच्या डोक्यातला जुन्नर तालुका कायमचा लाल होऊन बसला होता. एस.टी.च्या खिडकीतून बघत ते मोठ्यानं म्हणायचे, "काय लाल आलाय गहू!"

एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. "मास्तर, डोळं दाखवून घ्या. मोतीबिंदूत व्हतं आसं."

"दाखवले," सर म्हणाले. "उत्तम आहेत."

"मंग दुसऱ्या डाक्टरला दाखवा."

मी त्यांच्या पलीकडं बसलो होतो. मला हसू आलं होतं, पण सरांसमोर हसावं की नाही हे तेव्हा मला ठरवता यायचं नाही. तशा बऱ्याच गोष्टी मला ठरवता यायच्या नाहीत. हे लिहिणंही बरीच वर्षं तसंच राहून गेलं.

सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी मंचरच्या पूर्वेकडच्या एका गावातून जुन्नरला शिकायला आलो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरांच्या निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती. ते एकटे होते. त्यांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि चारही भिंतींना लाल चित्रं. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून ते ही चित्रं मिळवायचे, आणि बाहेर नेताना शेतीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात गुंडाळून खांद्याला लावायचे. पाइपच्या दोन्ही तोंडांना टोपणं. गावोगावचे लोक त्यांना 'पाइपवाले सर' म्हणायचे, आणि काही जण विहिरीचं पाणी बघायला बोलवायचे. सर जायचेही. पाणी कुठं लागेल ते त्यांना सांगता यायचं नाही, पण विहिरीच्या कडेला मातीचे थर उघडे दिसतात, ते त्यांना बघायचे असायचे. विहिरीपासून चांगलं सहा हात लांब उभं राहून ते मला सांगायचे, "वाकून बघ. किती थर?"

कारण सरांना उंचीची भीती वाटायची. खोल जागेचीही. शेकडो मैलांवरून काढलेलं चित्र हातात घेऊन ते तासन् तास बघत बसत, पण लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना डावा हात कातळाला लावून, मान खाली घालून, पायरी मोजत चढत. टेकडीवरून फोटो काढायचे असले की आम्ही दोघं वर जायचो, आणि माथ्यावर पोचल्यावर सर दरीकडं पाठ करून दगडावर बसायचे. कॅमेरा माझ्या हातात.

"काय दिसतंय?"

"सर, मला वाटतं तिकडं कुठंतरी जुना—"

"वाटतं ते जेवताना सांग. दिसतं ते आत्ता सांग."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मग मी जे दिसेल ते सांगायचो. बांध. पाट. उसाचा तुकडा. उसाच्या कडेला फिकट पट्टा, साधारण सरळ. सर पाठमोरे बसून वहीत टिपून घ्यायचे. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, मी मास्तर आणि ते परीक्षेला बसलेत.

या सगळ्यामागं त्यांचा एक विचार होता, तो त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितला. जुन्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, आणि जुन्नरहून पुढं पैठणकडं जायचा. घाट आहे, लेणी आहेत, दगडात कोरलेली अक्षरं आहेत. "पण वाटेत मुक्काम कुठं होता? एवढा माल, एवढे बैल. ते काय रात्रभर रस्त्यावर उभे राहत होते? कुठंतरी वखार असणार. खोल्यांची ओळ असणार." त्यांच्या मते ती जागा आळेफाट्याच्या आसपासच होती. फाट्यावरच्या ट्रकांच्या रांगेकडं हात करून ते म्हणायचे, "हे आजचं नाही. इथं वाटा फुटतात. वाटा फुटतात तिथं माणूस थांबतो, जेवतो, जनावर बदलतो." हॉटेलवाला आम्हाला ओळखायचा. "सर, तुमची वखार घावली का?" असं विचारत तो पाण्याचे ग्लास आपटायचा. सर म्हणायचे, "चहा दे आधी."

ही वखार शोधायची त्यांची पद्धत अशी. जमिनीखाली जुनी भिंत गाडलेली असली की तिच्यावरच्या मातीत ओल कमी राहते. तिथलं पीक बुटकं, फिकट येतं. जुना खड्डा किंवा खोलीची भरलेली जमीन असली की ओल जास्त राहते, पीक गर्द येतं. शेतात उभं राहिलं तर यातलं काही कळत नाही. उंचावरून बघितलं तर गाडलेली भिंत पिकावर रेघ मारल्यासारखी दिसते. उपग्रहाच्या चित्रात एवढं बारीक येत नाही. तिथं फक्त लालमध्ये जास्त लाल असा एखादा ठिपका दिसतो. तो ठिपका धरून टेकडी गाठायची, फोटो काढायचे, आणि मग खाली उतरून त्या रानात चालायचं. अनवाणी. नांगरलेल्या रानात सर चपला काढून हातात घ्यायचे. "खापर डोळ्याला चुकतं, तळपायाला चुकत नाही." शेतकऱ्यांना ते आवडायचं. त्यांना वाटायचं, मास्तर काळ्या आईचा मान राखतात.

असे ठिपके आम्ही किती पालथे घातले ते मला आता आठवत नाही. एक होता पोल्ट्रीची शेड. एक द्राक्षाची बाग. एका पांढऱ्या गोल ठिपक्यासाठी आम्ही वैशाखाच्या उन्हात ओतूरपासून चालत गेलो, सरांना तिथं स्तूप असेल अशी आशा होती. ते खळं निघालं. खळ्यावरच्या बाईनं आम्हाला ताक दिलं आणि विचारलं, "कशापायी आलता एवढ्या उनाचं?" सर म्हणाले, "खळं बघायला." ती बाई ताकाचा तांब्या तसाच धरून आमच्याकडं बघत राहिली.

जुन्नरच्या फोटो स्टुडिओवाल्यानं एकदा आमच्या छत्तीस फोटोंच्या रोलमधले चारच फोटो छापून दिले. बाकीचे का नाही, असं सरांनी विचारलं.

"सर, वाया गेलेत ते. माणूसच नाय एकात बी."

"आहे."

"कुठंय?"

"जमिनीखाली आहे. तू छाप."

स्टुडिओवाल्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी खाली बघितलं.

आता गव्हाकडं येतो.

माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माघात फाट्याच्या वरच्या अंगाच्या टेकडीवर आम्ही गेलो होतो. ऊन तिरपं होतं. सर नेहमीसारखे पाठ करून बसले. मी खाली पाहिलं आणि मला ते लगेच दिसलं. गव्हाच्या एका तुकड्यात गर्द हिरवे चौकोन. एका ओळीत सात. सगळे सारख्या मापाचे. दोन चौकोनांच्या मधे फिकट रेघ. पाचव्यानंतर ओळ थोडी वाकलेली, आणि शेवटच्या चौकोनाला चिकटून एक बारका चौकोन.

मी दिसलं तसं सांगितलं.  वळून पाहिलं तर सर उभे राहिले होते. त्यांनी माझ्या खांद्याला घट्ट धरलं, डोळे मिटले, दरीकडं तोंड केलं आणि मग डोळे उघडले. किती वेळ ते बघत होते कोण जाणे. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

"खोल्या," ते म्हणाले. "भिंती बघ. भिंती बघ रे."

खाली उतरून त्या रानात गेलो. शेतमालकाला सगळे तात्या म्हणायचे. सरांकडं गावात विचारायच्या प्रश्नांचा एक छापील कागद असायचा, तो त्यांनी काढला.

"तात्या, या रानात विटा निघतात का?"

"न्हाई."

"खापरं?"

"खापरं व्हय? आमची म्हातारी हाय तवर खापरांना तोटा न्हाई. रोज एक मडकं फोडती."

"जुनी नाणी, मणी, शंखाचे तुकडे?"

"घावलं आस्तं तर हितं बसलो आस्तो का, राव?"

"पीक कसं येतं?"

"लई झ्याक. ह्या तुकड्याला तर इचारूच नका."

सरांनी लिहून घेतलं. मी तोवर बांधावरून चौकोनांच्या कडेनं चालत होतो. पहिल्याची बाजू अठरा पावलं भरली. दुसऱ्याची अठरा. मधली फिकट पट्टी दोन पावलं. बारक्या चौकोनापाशी मी थांबलो. 

आमच्या घरी मेंढरं होती. तीन एकर कोरडवाहू जमीन होती, पण खरं पोट मेंढरांवर. दसरा झाला की आई-वडील आणि चुलते मेंढरं घेऊन निघायचे. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मढ, आणि माळशेज उतरून कोकणात. वाटेत शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्री रानात वाघर लावायची. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी, तिच्या चौकोनात मेंढरं कोंडायची. लेंडी-मूत पडून तेवढी जमीन खताची होते. दुसऱ्या रात्री वाघर शेजारी सरकवायची. मधे माणसाला आणि कुत्र्याला फिरायला दोन पावलं जागा सोडायची. कोकरांना निराळी बारकी वाघर. लहानपणी मी ते किती वेळा लावलं असेल. आमच्या वाघरीची बाजू अठरा पावलं होती.

मी हे तिथंच सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही ते खरं लिहितो. कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी "वडील काय करतात?" असं विचारलं तेव्हा मी "शेती" म्हणालो होतो. आमच्या वर्गात मेंढरं राखणाऱ्या घरातला आणखी एक मुलगा होता. तो खरं बोलला. त्यानंतर हजेरीत त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून 'बँऽऽ' असा आवाज यायचा. दिवाळीनंतर तो परत आलाच नाही. सर त्या आवाजावर चिडायचे, सगळ्या वर्गाला उभं करायचे. पण माझी जीभ उचलली नाही.

आणि माझी खात्रीही नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. चैत्रात गावच्या जत्रेला वडील कोकणातून दोन दिवस घरी आले, तेव्हा मी त्यांना विचारलं. फाट्याजवळ टेकडीच्या खाली तात्याचं रान आहे, तिथं आपण बसलो होतो का? "व्हय की," ते म्हणाले. "सात राती. का रं?" मी म्हणालो, सहज.

तोवर सरांनी अर्ज पाठवून दिला होता. कॉलेजच्या मास्तराला खणायची परवानगी एकट्याला मिळत नाही. पुण्याच्या एका संस्थेच्या नावावर, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली, चार आठवड्यांची चाचणी म्हणून तो अर्ज होता. याआधी दोनदा त्यांचा अर्ज परत आला होता, जागेचा पुरावा पुरेसा नाही म्हणून. या वेळी पुरावा म्हणून मी त्या दिवशी टेकडीवरून काढलेला फोटो जोडला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. म्हणजे येणारा एकच हिवाळा हाती होता. जन्मभर दुसऱ्यांच्या खड्ड्यांविषयी शिकवलेल्या माणसाला स्वतःचा एक खड्डा खणायला मिळणार होता, तो इथं.

त्या सहा महिन्यांत मी सरांना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते रोज दाढी करू लागले. तास घेताना मधेच खडू हातात धरून हसायचे. बाभळीच्या फांद्या आणून त्यांनी स्वतः खुंट्या तासल्या, खड्ड्याची आखणी करायला. टोकांना रंग दिला. मी त्या मोजून बांधून ठेवल्या. आमच्या वाघरीच्या खुंट्यांपेक्षा त्या कितीतरी चांगल्या होत्या. फोटोची मोठी प्रत करून त्यांनी ती खाटेसमोर लावली आणि प्रत्येक चौकोनाला नाव दिलं. ही धान्याची. ही कापडाची. ओळ वाकते तिथं दार. बारका चौकोन म्हणजे पहारेकऱ्याची खोली. "सगळ्यांचं माप एक आहे, लक्षात घे," ते म्हणायचे. "निसर्ग मापानं वागत नाही. माप म्हणजे माणूस."

हे ऐकून मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा फाट्यावरच्या हॉटेलात मी म्हणालो, "सर, त्या रानाविषयी एक सांगायचं होतं."

"बोल."

"मला वाटतं—"

"वाटतं ते जेवताना," सर म्हणाले. मग मिसळ आली. जेवण होतंच ते, मला बोलता आलं असतं. पण सरांनी पावाचा तुकडा मोडला आणि एका खोलीत किती गोण्या मावतील त्याचा हिशेब मांडायला लागले, आणि हॉटेलवाला म्हणाला, "सर, वखार घावली म्हणं! मंग आता माझ्या हाटेलाचं नाव काय ठेवू?" सरांनी त्याला पहिल्यांदाच मनापासून उत्तर दिलं. दोघं नावं सुचवत बसले. मी मिसळ संपवली.

नवरात्रात परवानगी आली. सरांनी वर्गात पेढे वाटले. दिवाळी झाली की कामाला सुरुवात करायची असं ठरलं. तात्यांनी ते रान पडीक ठेवायचं कबूल केलं.

मला तोंडानं सांगता येणार नाही हे एव्हाना मला कळून चुकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस असताना मी सरांना म्हणालो, "सर, माझे वडील सध्या मढजवळ आहेत. तुम्ही एकदा त्यांना भेटावं असं मला वाटतं."

"मढला? शेती तिकडं आहे होय तुमची?"

"नाही सर. तुम्ही चला."

ते लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, विद्यार्थ्याचे वडील म्हणजे भेटायलाच हवं. जाताना त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला, आणि पाइपही घेतला, वडिलांना फोटो दाखवायला म्हणून.

सकाळच्या गाडीनं उतरलो. मढच्या अलीकडं रस्ता थोडा उंचावरून जातो आणि खाली भात काढून मोकळी झालेली रानं दिसतात. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. खालच्या रानात वाघर लावलेली होती. आत मेंढरं उठून उभी राहत होती. वाघरीच्या शेजारी, आदल्या रात्रीचा चौकोन काळाशार. त्याच्या शेजारी त्याच्या आदल्या रात्रीचा, थोडा वाळलेला. त्याच्या शेजारी आणखी एक. मधे दोन-दोन पावलांची मोकळी पट्टी. बाजूला कोकरांची बारकी वाघर.

सर बोलत होते, काहीतरी माळशेजच्या वाटेविषयी. बोलता बोलता थांबले.

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.  मग सर उताराच्या पायवाटेनं एकटेच खाली गेले. त्यांनी चपला काढल्या. काळ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले. ओठ हलताना दिसत होते. शेवटाला थांबले. किती भरलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वडील कापडाच्या पालापासून घाईनं पुढं आले. "या सर, या. पोरगं लई सांगतं तुमचं. लेंड्यात कशाला उभं ऱ्हायलात, हिकडं घोंगडीवर बसा." आईनं चूल पेटवली. सर घोंगडीवर बसले. त्यांनी पेढ्यांचा पुडा वडिलांच्या हातात दिला, पाइपचं टोपण काढलं आणि फोटो बाहेर घेऊन घोंगडीवर पसरला. मला वाटलं, ते तो दाखवणार नाहीत. पण दाखवला.

"हे रान ओळखता का?"

वडिलांनी असा फोटो कधी पाहिला नव्हता. आधी त्यांनी तो उलटा धरला. मग फिरवला. मग त्यांचं बोट टेकडीच्या पायथ्यावरून रस्त्यावर आलं, रस्त्यावरून बांधावर, आणि बांधावरून गव्हात. ते मोठ्यानं हसले.

"आरं! हे तर तात्याचं रान. आन् ही आमची मेंढरं व्हय? वरनं दिसत्यात?"

"दिसतात," सर म्हणाले.

"आगं ए, बघ हिकडं!" त्यांनी आईला हाक मारली. "आपुन बसलो व्हतो ते आभाळातनं दिसतंय!" मग ते सरांना एकेक चौकोन दाखवू लागले. "ही पयली रात. ही दुसरी, तवा पाऊस आलता बघा, वाघर जरा ढिली पडली, म्हणून कोपरा गोल दिसतोय. ही चौथी, ह्या राती लांडगा आला व्हता, कुत्री लई भुकली."

"आणि इथं ओळ वाकली ती?" सरांनी विचारलं.

"तितं तात्याच्या मोटारीचा पाइप आडवा व्हता. म्हणून तिरपं घेतलं."

"आणि ही बारकी?"

"कोकरांची. पाच कोकरं नुकती झाल्याली."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि फोटोच्या कडेला सगळं लिहून घेतलं. पावसाची रात, लांडग्याची रात, मोटारीचा पाइप. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून. वडील आनंदात होते. मी त्यांना शाळेच्या कुठल्याही मास्तरासमोर एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

"यंदा मात्र तात्यानं बसू दिलं न्हाई," ते म्हणाले. "कोण खोदणार हाय म्हनं सरकारी. आता चांगल्या रानात खोदून काय घावणार? आमी दुसरीकडं बसलो." मग माझ्याकडं बघून, "ह्याला म्या चैतातच सांगितलं व्हतं, ते रान आपलंच म्हणून. जत्रेला आलतो तवा. ह्यानंच इचारलं व्हतं. नाय रं?"

सरांचं पेन थांबलं. ते माझ्याकडं बघत होते हे मला न बघताही कळलं.

"हो," मी म्हणालो.

सरांनी वाक्य पुरं केलं आणि पेनाला टोपण लावलं. आईनं दुधाचा चहा दिला. त्यांनी तो संपवला आणि आणखी अर्धा कप मागून घेतला. निघताना फोटो गुंडाळू लागले, तेव्हा वडील जरा घुटमळत म्हणाले, "सर, हा आमाला ऱ्हावू द्या की." सरांनी दिला.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. सर खिडकीशी होते.  ओतूर येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो.

"चैत्रात कळलं तुला."

"माघातच कळलं होतं सर. चैत्रात खात्री झाली."

"मग?"

"तुम्ही खुंट्या करत होता."

यात मला काय म्हणायचं होतं ते मला नीट सांगता आलं नाही. मी आजही तेच म्हणेन. सरांनी बाहेर पाहिलं. रस्त्याकडेला कांद्याची लावणी चालू होती.

"तुला झोप लागत होती का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मला लागायची," ते म्हणाले. "बरे गेले ते महिने माझे."

 जुन्नरला उतरल्यावर रिकामा पाइप खांद्यावर सारखा करत एवढंच म्हणाले, "उद्या ये. पुण्याला पत्र लिहायचंय. माझं अक्षर त्यांना लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. खाटेसमोरची मोठी प्रत भिंतीवर नव्हती. सर खाटेवर आडवे पडून सांगत होते आणि मी लिहीत होतो. सदर रानातील खुणा गेल्या वर्षी तिथं मेंढ्या बसवल्यामुळं उमटल्या आहेत, खाली जुनं बांधकाम असल्याचा पुरावा नाही, तरी परवानगी परत घ्यावी. जागा बदलून मिळेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यासाठी नवा अर्ज लागतो, आणि नव्या अर्जाला एक वर्ष लागतं. तेवढं वर्ष त्यांच्याकडं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग ते म्हणाले, "पुढं लिही. ही बाब माझ्या विद्यार्थ्यानं माझ्या निदर्शनास आणून दिली. आणि तुझं पूर्ण नाव घाल."

मी पेन कागदावरून उचललं. "सर, हे खरं नाही."

"मढला कोण घेऊन गेलं मला?"

"मी."

"मग?"

"पण सर, मला आधीपासून—"

"लिही," ते म्हणाले, आणि भिंतीकडं कूस वळवली. "दमलोय मी."

मी लिहिलं. सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि बहिणीकडं संगमनेरला राहायला गेले. त्यांनी कुठंही काही खणलं नाही. पुण्याच्या संस्थेतल्या कुणीतरी ते पत्र वाचलं आणि मला भेटायला बोलावलं. मेंढरांच्या खुणा ओळखणारा मुलगा म्हणून मला तिथं उपग्रहाची चित्रं तपासायचं काम मिळालं, आणि मी अजून तेच करतो. आता चित्रं संगणकावर येतात. संस्थेच्या फायलीत ते पत्र आहे. एकदा काही कामासाठी ती फाईल माझ्या टेबलावर आली होती. सरांची फक्त खाली सही आहे. बाकी सगळं, माझ्या नावाचं ते वाक्यसुद्धा, माझ्या अक्षरात आहे.